कोयत्याला आधार कार्ड आणि पिस्तुलाला अपील

प्रति,
पिस्तुलाचं लायसन देणारे, नाकारणारे आणि नाकारलेलं अपिलात मंजूर करणारे सगळे साहेब,
पुणे आणि मंत्रालय

साहेब, नमस्कार.

रविवार पेठेत माझं हार्डवेअर आणि शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. कुदळी, फावडी, पहारी, खुरपी, विळे, नारळाचे कोयते, ऊसतोडीचे कोयते. म्हणजे पुण्यात आता जिचं नाव काढलं तरी लोक दचकतात ती वस्तू मी रोज काउंटरवर ठेवून विकतो, पावती फाडून. त्यामुळे हत्यार कोणाच्या हातात द्यायचं आणि कोणाच्या नाही हा प्रश्न मला पेपर वाचून पडत नाही, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की पडतो. आणि म्हणूनच २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जी बातमी गाजली ती अजून माझ्या गळ्याखाली उतरलेली नाही.

थोडक्यात सांगतो, कारण लोक विसरतात. पुण्यातल्या एका नामचीन गुंडाच्या भावाने पिस्तुलाचं लायसन मागितलं. पोलीस आयुक्तालयाने नाही म्हटलं. तो अपिलात गेला, तिथे गृह खात्याच्या राज्यमंत्र्यांनी मंजुरी दिली, तरी पोलिसांनी लायसन काही हातात दिलं नाही. मग नेहमीसारखं झालं, विरोधकांनी राजीनामा मागितला, चार दिवस टीव्हीवर भांडणं झाली, आणि खुलासा असा आला की अर्जदारावर त्या वेळी कुठलाही गुन्हा प्रलंबित नव्हता, कोर्टाने सोडलेलं होतं. असेल. कोर्टाने सोडलं ते सोडलं, त्या माणसाबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचंय ते तुमच्याबद्दल. सुटणं म्हणजे तुरुंगात जायचं नाही एवढंच, सुटला म्हणून पिस्तूल मिळालंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १४ आहे. सार्वजनिक शांततेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी गरज वाटली तर परवाना नाकारता येतो, आणि नाकारताना कारण लिहून ठेवायचं असतं. पोलिसांनी काहीतरी कारण लिहिलंच असणार ना. ते अपिलात कसं खोडलं, कोणत्या मुद्द्यावर खोडलं, हे पुणेकरांना कळायला नको का?

आता माझ्या काउंटरवरचं सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये कोयता गँगचा धुमाकूळ वाढला तेव्हा आम्हा दुकानदारांना सांगण्यात आलं की आधार कार्ड घेतल्याशिवाय कोयता विकायचा नाही. त्याच महिन्यात बोहरी आळीत एका दुकानातून शंभरावर कोयते जप्त झाले, सगळी आळी गार पडली. आम्ही मुकाट रजिस्टर केलं. नाव, आधार नंबर, मोबाईल, कशासाठी पाहिजे. सुरुवातीला हवालदार यायचे, पानं चाळायचे, सही करायचे, चहा घ्यायचे. मग येणं कमी झालं आणि मग बंदच झालं. रजिस्टर मी अजून ठेवतो, का ठेवतो ते माझं मलाच माहीत नाही.

आणि खरं सांगू का, गिऱ्हाईक ओळखायला आधार लागतच नाही. शेतकरी आला की कोयता आधी हातात तोलून बघतो, मूठ हलते का बघतो, पात्यावर अंगठा आडवा फिरवतो, कमानपाट्याचा आहे ना असं दोनदा विचारतो आणि शेवटी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे सतरा-अठराचं पोरगं, दोघं बाहेर गाडी चालू ठेवून बसलेले, किंमत विचारत नाही, धार बघत नाही, कोयता उचलला की पहिल्यांदा मोबाईल काढून सेल्फी घेतो. आधार मागितलं की "काका कशाला, घरच्या नारळाला पाहिजे". मी नाही म्हणतो, तो चार शिव्या घालून जातो. माझ्या 'नाही'वर अपील नाही साहेब. मंत्रालयाचे मजले चढून कोणी माझं 'नाही' फिरवून आणत नाही. दोनशे-तीनशे रुपयांच्या कोयत्याला एवढी अट, आणि पिस्तुलाला वरच्या मजल्यावर वेगळा न्याय, हे कसं काय?

हे मी फक्त धंद्यापायी लिहीत नाहीये. माझ्या बहिणीच्या पोरावर सिंहगड रोडला वडापावच्या गाडीजवळ कोयत्याने वार झाले. कारण? "काय बघतो रे". बस. ओळख नाही, वैर नाही, खुन्नस दिली म्हणे. पहिला वार त्याने हातावर घेतला, दुसरा खांद्यावर बसला, आणि तेवढ्यात गाडीवाला झारा घेऊन धावला, लोकांनी स्टूल फेकले, पोरं पळाली. उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. इंजिनिअरिंगची ड्रॉइंग डाव्या हाताने काढायला शिकलाय. पण आहे. दिवाळीला घरी येतो, माझ्याकडे बघून हसतो. वार करणाऱ्या पोराच्या हातात त्या दिवशी कोयत्याऐवजी कट्टा असता तर गाडीवाला पुढे आला नसता, गाडीखाली बसला असता, आणि कोणीही शहाणा माणूस तेच करेल.

म्हणून "ज्याला मारायचंच आहे तो दगडानेपण मारेल" हे जे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याला कोणीतरी टाकतं ना, ते वाचलं की माझं डोकं फिरतं. दगडाने मारेल हो, पण जवळ यावं लागेल, दोनदा तीनदा मारावं लागेल, आणि मध्ये कोणीतरी पडेल. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत एका मुलीच्या मागे एकजण कोयता घेऊन लागला होता, सगळ्या महाराष्ट्राने तो व्हिडिओ बघितला. एमपीएससी करणारी पोरं मध्ये पडली, वार अडवला, कोयता काढून घेतला आणि ती मुलगी वाचली. पिस्तूल असतं तर अडवणार काय? ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदुपारी गोळ्या झाडून एकाला मारलं, बरोबरच्याच माणसांनी. १ सप्टेंबर २०२४ ला नाना पेठेत माजी नगरसेवकावर आधी गोळ्या, मग कोयते. आणि वर्षभराने, ५ सप्टेंबर २०२५ ला, त्याच नाना पेठेत क्लासवरून घरी आलेल्या पोराला स्वतःच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गोळ्या घातल्या, बदला म्हणून, ज्याने काही केलेलंच नव्हतं त्याला. तिथे झारा घेऊन कोणी धावलं नाही. धावून उपयोगही नव्हता.

ज्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना ओंकारेश्वरजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या, आणि निकाल यायला १० मे २०२४ उजाडला, दोघांना जन्मठेप झाली नि तिघे सुटले, त्या पुण्याला तरी पिस्तूल म्हणजे काय हे नव्याने समजवायला लागू नये.

आकडे बघायचे तर बघू. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात बंदुकीने ४८ हजारांवर माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या, आणि खून १९ हजारांच्या वर. आपली लोकसंख्या त्यांच्या चौपट, आणि त्याच वर्षी आपल्याकडे खुनाचे एकूण गुन्हे नोंदले गेले २८,५२२, त्यात कोयता, सुरा, दगड, विष, बंदूक सगळं आलं. आपल्याला राग कमी येतो म्हणून हे असं आहे काय? स्वारगेटच्या सिग्नलला संध्याकाळी सहाला उभं राहून बघा. राग तेवढाच आहे, फक्त गाडीच्या डिकीत बंदूक नाहीये. ती नाहीये कारण आपल्याकडे लायसन मिळणं अवघड आहे, आणि ते अवघडच राहिलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

ऑस्ट्रेलियात १९९६ ला पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने कायदा कडक केला, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या आणि वितळवल्या. "स्वसंरक्षणासाठी पाहिजे" हे कारण तिथे लायसनसाठी चालतच नाही. त्यानंतर बंदुकीचे मृत्यू कमी झाले. आता कोणी म्हणेल मग २०२५ च्या डिसेंबरात सिडनीला बाँडी बीचवर १५ माणसं कशी मारली? मारणाऱ्या बापलेकांपैकी बापाकडे लायसन होतं, नोंदणी केलेल्या बंदुका होत्या. म्हणजे एकदा लायसन दिलं की झालं असं नसतं, घरात काय चाललंय ते पुन्हा पुन्हा बघावं लागतं. जपानमध्ये कायदा इतका कडक की २०२२ ला शिंझो आबेंना मारणाऱ्याला बंदूक घरी बनवावी लागली. कडक कायदा असूनही खून झाला हे खरंच, पण तिथे अशी घटना घडली की अख्खा देश हादरतो, आपल्याकडे पान तीनवर चार ओळी येतात.

आत्महत्यांचं मुद्दाम लिहितो कारण त्यावर कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात २०२२ मध्ये २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सगळ्यात जास्त. माणसाचा तो वाईट तास निघून गेला की बरेच जण सावरतात, पण त्या तासात हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि बंदूक असेल तर मागे फिरायला वाव जवळजवळ राहत नाही. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण १९९५ नंतरच्या दहा वर्षांत निम्म्यावर आलं. लोकांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. तुम्ही एखाद्याला "घरात संरक्षणासाठी" म्हणून लायसन देता तेव्हा त्या घरात बायको असते, कर्ज असतं, दारू असते, दहावी नापास झालेलं पोरगं असतं. अर्जात त्यासाठी रकाना आहे का?

बरं, पुण्यात लायसन मागतंय कोण? जीव खरोखर धोक्यात असलेले असतील, नाही म्हणत नाही. पण फॉर्च्युनरमधून उतरून शर्ट मुद्दाम थोडा वर करून हॉटेलात बसणारे गुंठामंत्री आम्हीही बघतो. २०२४ च्या जुलैत मुळशीतला तो जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवल्याचा व्हिडिओ बाहेर आला, प्रकार त्याच्या वर्षभर आधीचा, आणि लायसनवर कारवाई झाली ती व्हिडिओ फिरल्यावर. म्हणजे इन्स्टाग्रामने नजर ठेवायची आणि तुम्ही मागून यायचं असं ठरलंय का? शस्त्र कायद्याच्या कलम १७ मध्ये परवाना निलंबित करायचा, रद्द करायचा अधिकार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीन हत्यारांची दोन केली ते चांगलं केलं, पण त्याच दुरुस्तीने लायसनची मुदत तीनची पाच वर्षं केली. पाच वर्षांत पुण्यात माणसाचे किती प्लॉट, किती पार्टनर आणि किती दुश्मन बदलतात ते तुम्हाला सांगायला नको.

अजून एक. निवडणूक लागली की तुम्हीच लायसनवाल्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेता. म्हणजे हत्यार कमी तर राडा कमी हे सरकारला पाठ आहे. मग आचारसंहिता उठली की हे ज्ञान जातं कुठे?

२०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजारांवर लायसन होती, त्यात एकट्या उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांच्या वर आणि आपल्या महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. तिकडे लग्नात गोळ्या झाडून नवरदेवाचेच नातेवाईक मरतात, त्यासाठी २०१९ ला वेगळं कलम घालावं लागलं. आपल्याकडे वरातीत अजून फक्त डीजे वाजतो (तो पण कमी त्रास देतो असं नाही). हा फरक टिकवायचा की घालवायचा ते तुमच्या सहीवर आहे.

आता दुसरी बाजू, कारण "गुंडाला कुठे लायसन लागतं" हे म्हणणं पूर्ण खोटं नाही. पुण्यात पकडलेली बरीचशी पिस्तुलं गावठी असतात, आणि बातमीचा मजकूर पाठ झालाय, सापळा रचला, पळून जाण्याच्या तयारीत असताना ताब्यात घेतला, एक गावठी पिस्तूल दोन जिवंत काडतुसं. माल कुठून येतो हेही सगळ्यांना माहितीये, मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, आपल्या चोपडा तालुक्याला खेटून. तिथे २०२५ च्या फेब्रुवारीत चोपड्याच्या पोलिसांवर हल्ला झाला, एका पोलिसालाच उचलून नेलं. नोव्हेंबरात पुणे पोलीस मोठी तुकडी घेऊन तिथे गेले, भट्ट्या तोडल्या, माणसं धरली. त्याबद्दल मनापासून शाबासकी, हे काम मुळावर घाव घालणारं होतं. पण लोहाराशी माझा रोजचा संबंध आहे म्हणून सांगतो, भट्टी ही चार विटा, भाता आणि ऐरण, ती आठवड्यात परत उभी राहते. हातात कसब असलेल्या माणसाला दुसरं काम दिलं नाही तर तो तेच करणार. आणि पिस्तूल भट्टीत बनेल, काडतुसाचं काय? काडतूस काय चीज आहे हे पुण्याला वेगळं सांगायला नको, खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. ते बनवायला कारखाना लागतो. मग गल्लीतल्या पोराच्या खिशात कारखान्याची काडतुसं येतात कुठून, कोणत्या लायसनवाल्याच्या कोट्यातून, कोणत्या दुकानातून गळतात, हे दोषारोपपत्रात कधी येतं का? माझ्याकडून कोयत्याचा हिशेब मागता, काडतुसांचा हिशेब कोण मागतो?

पोरांचं तर काय बोलायचं. धिंड काढता, लोक टाळ्या वाजवतात, त्याचीच रील होते, आणि गल्लीतल्या धाकट्यांना तो भाई वाटायला लागतो. अल्पवयीन म्हणून सुटून आलेल्या पोराकडे नंतर सहा महिने कोणी फिरकत नाही, टोळीवाला मात्र दुसऱ्याच दिवशी घरी येतो, बिर्याणी घेऊन.

तर मागण्या अशा आहेत, आणि त्या साध्या आहेत.

पोलिसांनी नाकारलेलं लायसन अपिलात मंजूर झालं तर तो आदेश कारणांसकट वेबसाईटवर टाका. अर्जदाराचा पत्ता, फोन झाका, बाकी सगळं दिसू द्या. लाज वाटण्यासारखं काही नसेल तर अडचण काय?

ज्यांच्याकडे लायसन आहे त्यांचा धोका खरंच शिल्लक आहे का हे दरवर्षी तपासा, पाच वर्षं थांबू नका. जमिनीचा, घरगुती मारहाणीचा किंवा धमकीचा गुन्हा दाखल झाला की हत्यार त्याच दिवशी जमा, निकाल लागेपर्यंत. निर्दोष सुटला तर परत द्यायचा विचार करा, त्यात त्याचं काही बुडत नाही.

पकडलेल्या प्रत्येक पिस्तुलाचा आणि प्रत्येक काडतुसाचा माग शेवटपर्यंत काढा. विनापरवाना बंदूक बाळगली तर आता किमान दोन वर्षं, बनवली किंवा विकली तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा कायद्यात आहे. शिक्षा पुरेशी आहे, ती होते किती जणांना ते सांगा. दरवर्षी पुणे शहराचा तक्ता काढा, गोळीबार किती, मेले किती, जखमी किती, हत्यार लायसनचं की गावठी, खटला कुठवर आला. पत्रकार परिषदेत टेबलावर मांडलेली पिस्तुलं बघून आम्ही कंटाळलो.

कोयत्याचं रजिस्टर ठेवायचं असेल तर नीट ठेवा, महिन्याला तपासा, ऑनलाईन विकणाऱ्यांनाही तीच अट लावा आणि पालघनसारखी, शेतात कुठेच न लागणारी हत्यारं बनवणाऱ्यांना धरा. ते जमणार नसेल तर रजिस्टर बंद करा. पण सीझनला आलेल्या ऊसतोड कामगाराला पिशवीत कोयता आहे म्हणून चौकीत बसवून ठेवू नका, ते त्याचं पोट आहे. कायद्यातही शेतीच्या अवजाराला सूट आहे, ती नाक्यावरच्या शिपायाला कोणीतरी सांगा.

आणि सुटून आलेल्या पोरांसाठी वस्तीत रोज दिसेल असा एक माणूस नेमा. पोलीसच पाहिजे असं नाही, पण टोळीवाल्याच्या आधी त्याच्या दारात पोचणारा पाहिजे.

हे पत्र मिळाल्याचं कोणी कळवलं तर बरं वाटेल. नाही कळवलं तर अपिलात मंजूर झालेल्या लायसनांची संख्या, निलंबित केलेल्यांची संख्या आणि काडतुसांच्या तपासण्या, या तीन गोष्टींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून तयार आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही लावलाय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जे उत्तर येईल ते, नाकारलं तर नाकारल्याचं पत्र, इथेच सगळ्यांसमोर टाकणार आहे.

आपला,
रविवार पेठेतला एक अवजारवाला